गाण्याखालचं बोलणं

"बरं ताई, तुमचा कान कसाय आता?" बजाजनगरच्या कचरूनं फोनवर विचारलं आणि काचेपलीकडं माइक आणि गाणी सांभाळणाऱ्या चांदभाईंचा हात खाली आला. आधी हात आला की आधी वाक्य संपलं, हे मी त्यानंतर शंभरदा डोक्यात फिरवून पाहिलंय. हात आधी आला. 'आता' मधला 'ता' जेमतेम निसटला आणि गाणं सुरू झालं. ते कोणासाठी आहे हे कचरूनं अजून सांगितलंही नव्हतं. एरवी तो अख्खी यादी सांगितल्याशिवाय फोन सोडत नाही. रात्रपाळी करून घरी आला की आठवड्यातून दोनदा तरी लावतो आणि बायको, सासू, कंपनीतले चार मित्र यांच्यासाठी एकच गाणं मागतो. "कोणाचा कान?" असं मी हसत विचारलं, पण तोवर माझा माइक बंद झाला होता. मी खोलीतल्या खोलीत हसत बसले. काचेतून चांदभाईंकडं पाहिलं तर ते खाली मान घालून पुढच्या गाण्याचं नाव कागदावर लिहीत होते. सतरा वर्षांत त्यांनी एकाही श्रोत्याला असं मध्ये तोडलेलं मी पाहिलं नव्हतं. नळाला पाणी येत नाही म्हणून महापालिकेला शिव्या घालणाऱ्यालाही ते वाक्य पुरं करू द्यायचे.

मी मुळात संशयी. भाजीवाल्यानं वर दोन मिरच्या टाकल्या तर मी घरी येऊन भाजी उलटून बघते. माझी आई म्हणायची, हिला देवानं दर्शन दिलं तरी ही आधी मागं कोण उभंय ते पाहील. पण रेडिओवर मी अशी नाही. रेडिओवरची प्रेरणाताई सगळ्यांवर विश्वास टाकते. सकाळी सात वाजता "उठा की आता! येतोय का आवाज?" अशी हाक देते आणि मग नऊपर्यंत आमचा कार्यक्रम रंगतो. कुठल्या भागात पाणी आलं, शहागंजात आज कसली गर्दी आहे, रोज एक पाहुणा, सहा-सात गाणी, मध्ये मध्ये श्रोत्यांचे फोन आणि शेवटी दोन मिनिटं माझं आपलं मनातलं काहीतरी. कोणी या गावाला जुन्या नावानं हाक मारतं, कोणी नव्या. मी 'आपलं शहर' म्हणते आणि सुटते. लोक म्हणतात, ताई ऐकून घेतात. बोलणारे पुष्कळ असतात, ताई ऐकून घेतात. या एका वाक्यावर माझी सतरा वर्षं उभी आहेत आणि नेमकं तेच वाक्य गेली दोन वर्षं खोटं होत चाललं होतं. माझा डावा कान पूर्ण गेलाय. उजवा त्याच वाटेवर आहे. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, चांदभाईंना नाही, आमचा साहेब सत्यम याला तर स्वप्नातही नाही. कान गेलेल्या बाईला रेडिओवर कोण ठेवील? आणि ती खुर्ची गेली तर माझ्याकडं उरतं काय, या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी कधी धजले नाही.

डॉक्टर सोडले तर जगात एकाच माणसाला ते माहीत होतं आणि त्या माणसाला मी ते गाण्याखाली सांगितलं होतं. गाण्याखाली म्हणजे काय, ते सांगायला हवं. पाहुणा समोर बसलेला असतो, माइक चालू असताना तो छापील बोलतो. माझी प्रेरणा माझे वडील, वगैरे. मग गाणं लागतं, चांदभाई माइकचं बटण खाली ओढून तो बंद करतात, आणि चार मिनिटं ती खोली फक्त आमची असते. तेव्हा माणूस खरं बोलतो. मोठमोठ्या हुद्द्यावरच्या लोकांनी मला गाण्याखाली सांगितलंय की त्यांना झोप येत नाही. एका पैलवानानं मुलीच्या सासरचं सांगितलं आणि गाणं संपायच्या आत डोळे पुसून घेतले. हे बोलणं बाहेर न्यायचं नाही, असा काही लेखी नियम नाही, पण आमच्या धंद्यात तो सगळ्यांना ठाऊक असतो. वीस मार्चला पाचोडहून चतुराबाई आल्या होत्या. सत्तरीच्या, हळदीची गाणी म्हणणाऱ्या, बाजाराच्या दिवशी लसूण विकणाऱ्या. त्या दिवशी चांदभाई रजेवर होते, त्यांच्या बायकोच्या, जहांआराभाभीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि काचेपलीकडं सत्यम स्वतः बसला होता. माइक चालू असला की पेटणारा लाल दिवा आठवडाभर बंद पडला होता. दिव्याची आम्हाला तशी गरजही नसते. माइक चालू असला की स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकू येतो, बंद झाला की तो थांबतो, एवढ्यावरच आम्ही चालतो. गाणं लागलं. चतुराबाईंनी माझ्याकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू मान अशी वाकडी करून का ऐकतीस गं? आमच्या मालकाचं असंच व्हतं. ऐकू येत नाय व्हय?" दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी सांगून टाकलं. डावा गेला, उजवा चाललाय, फोनवरचं निम्मं मी अंदाजानं जुळवते, आणि घरी जाऊन पहिल्यांदा बाथरूममध्ये नळ सोडून रडते. "कुणाला सांगू नका," मी म्हणाले, "माझं पोट या कानावर आहे." त्यांनी माझा हात धरला. लसणाचा वास असलेला, खरखरीत हात. त्या म्हणाल्या, "नाय सांगत. कुनालाबी नाय."

आणि आता कचरू विचारत होता, कान कसाय.

गंमत अशी की कान खरोखरच बरा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नस सुकत चाललीय, गोळ्यांनी फार काही होणार नाही, मशीन लावून घ्या. मी मशीन लावलं नाही, गोळ्या मात्र नेमानं सुरू केल्या, सतरा मार्चला. चौथ्या दिवशी गुण आला. चतुराबाईंच्याच दिवशी, कार्यक्रमाच्या उत्तरार्धात, श्रोत्यांचे फोन मला असे स्वच्छ ऐकू आले की मी कॅलेंडरवर वीस तारखेला बारीक फुली मारली. दुसऱ्या दिवशी तसंच. आठवड्याभरात पाहुण्यांचं बोलणं, रिक्षावाल्याचं, खालच्या चहावाल्याचं, सगळं पूर्वीसारखं. डॉक्टरांना काय कळतंय, असं म्हणून मी तपासणीला गेलेच नाही. घरातल्या वस्तूंनी मात्र त्याच सुमारास दगा द्यायला सुरुवात केली. कुकरची शिट्टी वाजेनाशी झाली. मी नवी आणली, तीही मुकी निघाली, म्हणून दुकानदाराशी भांडून आले. दाराची घंटी बंद पडली, तिचा सेल बदलला, तरी ती बंदच. हल्ली माल कसा देतात, असं मी इंद्रजीतला म्हटलं तर तो माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत राहिला.

इंद्रजीत माझा नवरा. वाळूजला कंपनीत आहे, सकाळी कंपनीच्या बसनं जातो आणि त्या बसचा ड्रायव्हर माझाच कार्यक्रम लावतो, त्यावरून मित्र त्याला चिडवतात. वीस वर्षांच्या संसारात हा माणूस दुसऱ्या खोलीतून बोलत आला. चहा झाला का, टॉवेल कुठंय, सगळं भिंतीपलीकडून. आता तो स्वयंपाकघरात येऊन, खांद्यावर हात ठेवून, माझ्या तोंडासमोर उभा राहून विचारायला लागला, "आज भाजी काय आणू?" आवाजही चढलेला. आधी मला वाटलं रागावलाय. मग वाटलं, नवरे अचानक प्रेमळ का होतात हे काय मला माहीत नाही? त्याचा मोबाइल दोनदा उघडून पाहिला. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला.

पण कचरूच्या फोननंतर सगळे संशय उठून चांदभाईंवर जाऊन बसले. आठवायला लागले तशी एकेक गोष्ट वर येऊ लागली. चांदभाई रजेवरून परतले तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी तो लाल दिवा बदलला होता. एरवी मी महिनाभर मागं लागले असते तरी बदलला नसता, तो परतल्या सकाळी, स्वतःच्या खिशातला आणून. का? हल्ली ते काही सांगायला आले की टेबलाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येतात. उजव्या बाजूला माझी वही असते आणि मोबाइल असतो. पाहुणा यायच्या आधी ते खाली चहाच्या टपरीवर त्याला गाठतात आणि काहीतरी समजावून सांगतात. मी जिना उतरताना दिसले की दोघं गप्प. मग पाहुणा वर येतो, खुर्ची पुढं ओढतो आणि माझ्या तोंडाकडं टक लावून बोलतो. सगळेच पाहुणे. पूर्वी लोक छताकडं, नखांकडं बघत बोलायचे. आता जो तो माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत असल्यासारखा. आणि सत्यम, एकोणतीस वर्षांचा आमचा साहेब, जो पूर्वी येता-जाता "मॅडम, थोडं यंग करू या कार्यक्रम" म्हणायचा, तो मार्चपासून माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. नव्या आवाजांच्या चाचण्या घ्यायच्या ठरल्या होत्या, त्याही त्यानं पुढं ढकलल्या. माणूस गळा कापायच्या आधी असाच नजर चुकवतो. मी चित्र जुळवलं. चतुराबाईंनी कोणाला तरी सांगितलं, ते चांदभाईंपर्यंत आलं, चांदभाईंनी साहेबाला सांगितलं, आणि आता दोघं मिळून माझी एखादी ढळढळीत चूक व्हायची वाट पाहतायत. चांदभाई! ज्यांच्या घरून सतरा वर्षं ईदला शिरखुर्मा येतो आणि डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून मी दिवाळीचा चिवडा त्याच डब्यात भरून पाठवते. डब्याचं काय, डबा कोणीही पाठवतं.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी मी सुट्टी काढली आणि एसटीनं गेले. चतुराबाई लसणाच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, गोणपाट झटकून बसायला दिलं. मी बसले नाही. उभ्यानंच म्हटलं, "मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "व्हय. कानाची." आजूबाजूचे चार-पाच जण वळून पाहायला लागले. मला तेव्हाही ते खटकलं. भर बाजारात कोण कोणाकडं वळून बघतं? बाजारात सगळेच ओरडतात. मी म्हटलं, हळू बोला, आणि विचारलं, कोणाला सांगितलंत? त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग रागानं लाल झाला. "म्या? म्या कुनाला सांगू? माझ्या सुनंनं घरी गेल्यावर इचारलं तवा तिच्यासंगटबी बोलले नाय म्या. एवढ्या लांबून तू मला हे इचारायला आलीस?" सुनेनं काय विचारलं, कसं विचारलं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण मला फक्त एवढंच दिसत होतं की ही बाई चिडलीय, आणि खोटं बोलणारीच माणसं अशी चिडतात. त्यांनी एक जुडी उचलून माझ्या पिशवीत कोंबली. मी परत काढायला लागले तर त्यांनी हात दाबून धरला. "त्या दिसाचं तुमच्याकडं टेप असंल ना गं? जा, ऐक जा. आन मग ये मला इचारायला." एसटीत सगळा रस्ता पिशवीतून लसणाचा वास येत होता आणि मला त्याचाही राग येत होता.

टेप असतं. आमच्याकडं जे जे हवेत जातं ते सगळं संगणकात तीन महिने साठवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी दुपारी चांदभाई नमाजाला गेले तशी मी त्यांच्या खोलीत शिरले. स्वतःच्याच स्टेशनात चोरासारखी. वीस मार्च, सकाळ. संगणकावर आवाज रेघेसारखा दिसतो. हळू बोललं की रेघ बारीक, मोठ्यानं बोललं की जाड. मी हेडफोन उजव्या कानावर घट्ट दाबला, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि चतुराबाईंच्या गाण्याच्या जागेपाशी आणलं. गाणं सुरू झालं. वाद्यं, मग गायिका. आणि गायिका श्वासासाठी थांबली तेव्हा तिच्या खालून कोणीतरी बोललं, "...मालकाचं असंच व्हतं." मी थांबवलं नाही, पुढं जाऊ दिलं. कडव्याच्या वेळी ते बोलणं बुडायचं, मधल्या वाद्यांत वर यायचं. एका बाईचा आवाज, ओळखीचा, थोडा नाकातला. "डावा गेला." वाद्यं. "निम्मं मी अंदाजानं जुळवते." आणि मग, गाण्यातली सगळ्यात शांत जागा आली तिथं, अगदी स्वच्छ, नळ सोडून रडण्याचं. माइक बंद झालाच नव्हता. सत्यमनं गाणं लावलं, माइक खाली ओढायचा राहिला, आणि तो बहुतेक फोनवर होता. नवख्याची चूक. दिवा बंद होता. आणि मी? माझा स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये येत असणारच. पण समोरच्या बाईचं ऐकू यावं म्हणून मी चांगला कान मोकळा ठेवला होता आणि हेडफोन सरकवला होता मेलेल्या कानावर. शहरात, बजाजनगरात, पाचोडात, कंपनीच्या बसमध्ये, जिथं जिथं "उठा की आता" लागतं तिथं तिथं चार मिनिटं मीच सगळ्यांना सांगत होते, कुणाला सांगू नका.

मला लाज वाटली. अंगावरचं लुगडं भर चौकात सुटावं तशी. मग मी वेड्यासारखी पुढं ऐकायला गेले, गाण्यानंतर मी काय बोलले, कोणी हसलं का ते शोधायला, आणि तेव्हा कानाआधी डोळ्यांना ते दिसलं. गाण्याच्या आधीचे फोन पडद्यावर बोटाएवढे होते. गाण्याच्या नंतरचे मुठीएवढे. पहिलाच फोन शहागंजातल्या एका बाईचा, "हॅलो ताई!" त्या रेघेनं पडद्याचा काठ गाठला होता. हाच तो फोन, जो ऐकून मी कॅलेंडरवर फुली मारली होती. मी एकवीस तारीख उघडली. बावीस. एप्रिल. मे. सगळ्या रेघा तशाच, जाडजूड, काठाला भिडलेल्या. पाहुण्यांच्याही. वीस मार्चच्या आधीची कुठलीही सकाळ उघडली की रेघ पुन्हा बारीक. माझा कान बरा झाला नव्हता. लोक मोठ्यानं बोलत होते. दोन महिने, एकमेकांना न विचारता, अख्खं शहर माझ्याशी ओरडून बोलत होतं. चांदभाई वळसा घालून उजव्या बाजूला येत होते ते वहीसाठी नव्हे. टपरीवर ते पाहुण्यांना काय समजावत होते हे मला आता कळलं, आणि पाहुणे माझ्या चेहऱ्याकडं का बघत होते, इंद्रजीत खांद्यावर हात का ठेवत होता, तेही कळलं. कुकर आणि दाराची घंटी यांनी तेवढा माझा कार्यक्रम ऐकला नव्हता.

खरं सांगायचं तर मला भरून वगैरे आलं नाही. आधी राग आला. कोणी विचारलं होतं यांना? मी ज्यांचं ऐकून घेत होते असं मला वाटत होतं, ते मला सांभाळून घेत होते. प्रत्येक फोनमागं एक माणूस घसा ताणून, बायकोला गप्प बसायची खूण करत, बिचाऱ्या बहिऱ्या बाईशी बोलत होता. किती जण फोन ठेवल्यावर हसले असतील? किती जणांनी नक्कल केली असेल? संध्याकाळी इंद्रजीत समोर येऊन उभा राहिला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दमलीस का?" मी त्याच्या गळ्याकडं पाहत होते. गळ्याची शीर फुगली होती. दमलीस का, असं कोणी इतक्या जोरात विचारत नाही. मी म्हटलं, बसमध्ये लोक तुला अजून चिडवतात का रे? तो म्हणाला, "नाही. मार्चपासून नाही." आणि पाणी प्यायला गेला.

सकाळी पावणेसातला मी चांदभाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, "माझ्या हेडफोनचा आवाज खुणेवर आणा." सतरा वर्षांपूर्वी त्यांनीच त्या बटणाजवळ पांढरी चिकटपट्टी लावून पेनानं माझ्यापुरती खूण केली होती. बटण खुणेच्या कितीतरी पुढं गेलेलं मला दिसत होतं. चांदभाई आधी बटणाकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. "नक्को ताई. कायकू? चाललंय ना चांगलं." मी विचारलं, "वीस मार्चला तुम्ही कुठं ऐकत होतात?" त्यांनी टोपी काढली, हातात घेतली. "दवाखान्यात. जहांआराच्या डोळ्याला पट्टी होती, तिच्यासाठी मोबाइलवर लावलं होतं. मी सत्यमसाहेबांना फोन लावत होतो, लागतच नव्हता. चार मिनिट ताई, मैं पागल हो गया था. जहांआरा रडायला लागली, पट्टी भिजेल म्हणून नर्स माझ्यावर ओरडली." मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंत? कोणीच का नाही सांगितलं?" ते खरोखर गोंधळले. काय विचारतेय ही, असं तोंड झालं त्यांचं. "तुम्हीच म्हणालात ना ताई," ते म्हणाले, "कुणाला सांगू नका."

माझ्या आयुष्यात कोणी माझं इतकं ऐकलं नव्हतं. तरीही म्हटलं, बटण खुणेवर आणा. मला एकदा बघायचंच होतं, माझ्याजवळ माझं स्वतःचं किती उरलंय. त्यांनी आणलं. सत्यम चहाचा कप घेऊन त्यांच्यामागं येऊन उभा राहिला, नजर खाली. लाल दिवा लागला. मी म्हणाले, "उठा की आता! येतोय का आवाज?" आणि मग, नेहमीच्या पाण्याच्या बातमीच्या आधी, "आज एक विनंती आहे. आज फोनवर हळू बोला. घरात बोलता ना, तसं." काचेपलीकडं सत्यमनं मान वर केली. फोन लगेच आला. चांदभाईंनी बोटानं खूण केली, जोडलाय. काचेपलीकडच्या पडद्यावर एक रेघ उमटली, केसासारखी बारीक, थांबत थांबत पुढं सरकणारी. कोणीतरी माझ्याशी बोलत होतं, मी सांगितलं होतं तसं, घरातल्यासारखं. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. मी उजवा कान दाबला. काहीच नाही. रेघ थांबली. म्हणजे आता माझी पाळी होती. सतरा वर्षांचा अनुभव आहे, "अरे वा, हो का!" हे कुठंही चालतं. आनंदाच्या बातमीला चालतं आणि आवाज थोडा खाली ओढला की दुःखालाही चालतं. दोन वर्षं मी त्यावरच काढली होती. तोंडात तेच आलं होतं. तेवढ्यात चांदभाईंनी पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा कागद उलटा करून त्यावर काहीतरी लिहिलं आणि काचेला लावून धरलं. उर्दू शाळेत शिकलेला माणूस, मराठी अक्षरं मोठी मोठी, पोरासारखी. 'कचरू. इचारतो, ताई आमच्यावर रागावल्या का.'

शांतता लांबत चालली होती. रेडिओवर पाच सेकंदांची शांतताही केवढी मोठी असते, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. लाल दिवा चालू होता. मी तो नीट पाहून घेतला. सत्यमकडंही पाहिलं, त्यानं कप खाली ठेवला होता.

"नाही कचरूभाऊ, रागावले नाही," मी माइकमध्ये म्हणाले. "पण तुम्ही जरा मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाही."

पडद्यावरची रेघ क्षणभर तशीच राहिली आणि मग एकदम काठापर्यंत चढली.

"आता येतोय का आवाज, ताई?"

"येतोय," मी म्हणाले. "बोला, गाणं कुणासाठी लावू?"